होडीतली उशी

आम्हां वसईकर कॅथलिकांची प्रार्थना बोलकी. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गावातल्या कुठल्याही आळीतून चालत गेलात, तर एका घरात रोझरीचं, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचं, दुसरं रहस्य (दुसरा टप्पा) चालू असतं, पुढच्या घरात चौथं, आणि त्याच्या पुढच्या घरात लितानी, म्हणजे शेवटची विनवण्यांची माळ. आमच्याकडे रोझरी आजी चालवायची. तिने 'नमो मारिया' अर्धं म्हणून सोडलं की उरलेलं अर्धं आम्ही उचलायचं, आणि आमचं संपायच्या आत तिचं पुढचं सुरू झालेलं असायचं. लितानीपर्यंत पोचेस्तोवर 'आम्हांसाठी विनंती कर' या शब्दांची नुसती घरघर व्हायची. त्यानंतर मागण्यांची यादी: अमक्याच्या गुडघ्यासाठी, तमकीच्या लग्नासाठी, कुवेतला निघालेल्या काकाच्या व्हिसासाठी, पावसासाठी, आणि पाऊस फार झाला तर तो थांबावा म्हणून. आमच्या घरातली सगळी खबर देवाला असायची, कारण आम्ही ती त्याला रोज न चुकता पोचवत होतो.

हे मी चेष्टेने लिहीत नाही. घरातलं कोणी कोणाशी भांडलेलं असो, त्या अर्ध्या तासाला सगळ्यांचे गुडघे एकाच चटईवर टेकायचे, आणि याचं मोल मला कळतं. मौन तेवढं त्यात नव्हतं. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतसुद्धा परमप्रसादाची भाकर घेऊन जागेवर येऊन बसलं की दोन मिनिटं शांतता असावी अशी अपेक्षा असते, पण तेवढ्यात गायकवृंदाला चौथं कडवं आठवतं.

गप्प बसून प्रार्थना करायची ही गोष्ट माझ्यापुढे आली ती एका मौनसाधनेत. मैत्रिणीने फारच गळ घातली म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गेले होते. डोंगराच्या कडेला बैठी इमारत, प्रार्थनागृहात खुर्च्या थोड्या आणि सतरंज्या जास्त. आल्या आल्या सगळ्यांचे फोन एका मोठ्या बिस्किटांच्या डब्यात जमा करून घेतले. साधना घेणारे फादर वयस्कर होते आणि इतक्या हळू बोलायचे की पुढे सरकून बसावं लागे. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, "आता वीस मिनिटं देवाकडे काही मागू नका. त्याला काही सांगू नका. शास्त्रातल्या एखाद्या वचनावर विचारसुद्धा करू नका. त्याच्यासमोर नुसते बसा."

माझ्या शेजारी नालासोपाऱ्याहून आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी हात वर केला. "पण फादर, मग करायचं काय?"

फादर हसले. "तेच अवघड आहे, ताई."

सांगितलेली रीत अगदी साधी होती. पाठ ताठ, डोळे मिटलेले, हात मांडीवर. एखादा छोटा शब्द किंवा छोटं वचन घ्यायचं आणि श्वासाबरोबर मनातल्या मनात सावकाश म्हणत राहायचं. विचार येणारच. त्यांच्याशी भांडायचं नाही, त्यांच्या मागे जायचं नाही. आपण भरकटलो हे लक्षात आलं की पुन्हा शब्दाकडे यायचं. मी 'बापा' हा शब्द घेतला. येशूच्या तोंडी तोच होता, आणि मला तो बालपणापासून ओळखीचा.

जेवणाच्या रांगेत (मौन होतं, पण रांगेत कुजबुज चालतेच) एकजण म्हणाले, हे सगळं इगतपुरीच्या विपश्यनेवरून उचललंय, त्याला ख्रिस्ती कपडे घातलेत. मलाही क्षणभर तसं वाटलं. घरी आल्यावर वाचायला लागले तेव्हा दिसलं की ही वाट इगतपुरीहून नाही, इजिप्तहून आलेली आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन कॅसियन नावाचा एक तरुण संन्यासी आपल्या जर्मानुस नावाच्या मित्राबरोबर इजिप्तच्या वाळवंटात हिंडत होता. तिथे झोपड्यांत, गुहांत राहणाऱ्या साधूंना गाठायचं आणि प्रश्न विचारायचे, एवढाच दोघांचा उद्योग. पुढे फ्रान्समधल्या मार्सेयला स्थायिक झाल्यावर कॅसियनने ते संवाद लिहून काढले. त्यातला दहावा संवाद आब्बा आयझॅक यांच्याशी आहे. मन एका जागी ठरत नाही, एका वचनावरून दुसऱ्यावर उड्या मारतं, काय करावं, असं हे दोघे विचारतात. आयझॅक त्यांना बायबलमधल्या सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ देतात: देवा, मला सोडव; प्रभू, माझ्या साहाय्याला धाव. एवढीच ओळ धरून ठेवा म्हणतात. जेवताना, प्रवासात, झोपताना, मोहाच्या वेळी, मन आनंदात असतानासुद्धा. आजही जगभरच्या मठांत दिवसाच्या प्रहरांच्या प्रार्थना याच ओळीने सुरू होतात.

चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये एका लेखकाने हीच गोष्ट पुन्हा मांडली. त्याने आपलं नाव मागे ठेवलं नाही. त्याचं म्हणणं, देवाला बुद्धीने पकडता येत नाही, प्रेमाने पकडता येतं, आणि त्यासाठी एका अक्षराचा शब्द पुरे. नंतरच्या शतकांत मात्र ही प्रार्थना मठाच्या भिंतींआड गेली. घरसंसार करणाऱ्यांनी जपमाळ ओढावी, नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना करावी. मौन हे संन्याशांचं काम, अशी वाटणी होऊन बसली.

ती वाट पुन्हा उघडली त्याची गोष्ट मला फार आवडते. जॉन मेन हा मूळचा आयरिश घराण्यातला, 1926 साली लंडनमध्ये जन्मलेला माणूस. 1950च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या नोकरीत तो मलायात होता. क्वालालंपूरमध्ये स्वामी सत्यानंद नावाचे एक हिंदू संन्यासी अनाथ मुलांसाठी काम करत. कसल्याशा सरकारी कामाने हा त्यांच्याकडे गेला आणि बोलणं ध्यानाकडे वळलं. स्वामी म्हणाले, ध्यान कर. तू ख्रिस्ती आहेस तर ख्रिस्ती शब्द घेऊन कर. जॉन मेन रोज बसू लागला. पुढे तो संत बेनेडिक्टच्या संघातला, बेनेडिक्टाइन संन्यासी झाला, तर तिथल्या गुरूंनी सांगितलं, ही प्रार्थनेची ख्रिस्ती पद्धत नव्हे, सोडून दे. त्याने आज्ञेखातर सोडली. बऱ्याच वर्षांनी कॅसियन वाचताना त्याच्या लक्षात आलं, की स्वामींनी शिकवलं ते आपल्याच घराच्या माळ्यावर दीड हजार वर्षं पडून होतं. 1975 साली त्याने लंडनच्या ईलिंग मठात साध्या संसारी लोकांसाठी ध्यानगट सुरू केला. त्याने निवडलेला शब्द 'मारानाथा', म्हणजे 'प्रभू, ये', अरामी भाषेतला, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी आलेला. 1982 साली तो गेला. त्याचे गट मात्र वाढत राहिले.

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर अँथनी डिमेलो. 1931 साली मुंबईत जन्मलेले हे येशूसंघीय फादर. त्यांची साधना संस्था लोणावळ्यात. 1978 साली त्यांचं 'साधना' हे पुस्तक आलं आणि जगभर गेलं. त्याची सुरुवातच गप्प बसण्याने होते: शरीरातल्या संवेदना बघा, श्वास बघा, आवाज ऐका. 1987 साली न्यूयॉर्कमध्ये ते अचानक वारले. 1998 साली व्हॅटिकनने त्यांच्या काही लेखनाबद्दल सावधगिरीची सूचना काढली, तरी आजही मुंबई-वसईच्या फादरांच्या कपाटात ती पुस्तकं दिसतात.

खरं म्हणजे महाराष्ट्रात वाढलेल्या ख्रिस्ती माणसाला नाम धरून बसण्यात परकं वाटावं असं काय आहे? रेव्हरंड टिळक म्हणतच असत, की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आयुष्याच्या अखेरीला, 1917 साली, त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सगळ्याच ख्रिस्तभक्तांसाठी. शेजारच्या घरातला हरिपाठ कानावर पडत आम्ही मोठे झालो. एकच नाव पुन्हा पुन्हा घेतल्याने ते गुळगुळीत होत नाही, उलट आत उतरतं, हे आम्हाला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

तरी शंका घेणाऱ्यांचं सगळंच चूक असतं असं मी म्हणणार नाही. 15 ऑक्टोबर 1989 या तारखेचं व्हॅटिकनचं एक पत्र आहे, ख्रिस्ती ध्यानाच्या काही अंगांबद्दल, कार्डिनल राट्झिंगर यांच्या सहीचं. हेच पुढे पोप बेनेडिक्ट झाले. त्या पत्राला बरेच ध्यानप्रेमी नाक मुरडतात. मला त्यातला एक मुद्दा पटला. श्वासाच्या आणि आसनांच्या व्यायामाने शरीराला आपोआप शांत वाटतं. त्या शांततेलाच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजू नका, असं ते बजावतं. आमच्या बँकेत ताण घालवायचं शिबिर झालं होतं. सूट घातलेल्या एका तरुणाने दहा मिनिटं श्वास मोजायला लावले, आणि छान वाटलंच की. पण डोळे उघडल्यावर समोर कोणी नव्हतं, आणि मिटल्यावरही नव्हतं. मी बसते ती कोणासमोर तरी बसते. छान वाटो न वाटो.

आर्स या फ्रान्समधल्या खेड्यात संत जॉन व्हियानी धर्मगुरू होते, एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. तिथला एक शेतकरी वेळ मिळेल तेव्हा चर्चमध्ये येऊन, जिथे परमप्रसाद ठेवलेला असतो त्या पेटीकडे तोंड करून बसे. हातात माळ नाही, ओठ हलत नाहीत. तू इथे बसून करतोस तरी काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, मी त्याच्याकडे बघतो, आणि तो माझ्याकडे बघतो. पंढरपूरला जाणाऱ्या माणसाला हे उत्तर लगेच कळेल. तासन् तास रांगेत उभं राहून तो काही मागायला जातोच असं नाही. बघायला जातो, आणि बघून घ्यायला.

घरी आल्यावर खरी पंचाईत झाली. आश्रमात डोंगर होता, इथे लोकल होती. मी तेव्हा चर्चगेटला नोकरीला, आणि दिवसातली हक्काची बसायची जागा म्हणजे सकाळच्या गाडीतली. म्हणून तिथेच बसायचं ठरवलं. वसई सुटली की डोळे मिटायचे. डब्यात दूधवाल्याच्या हिशोबापासून सुनेच्या डोहाळजेवणापर्यंत सगळं चाललेलं. नायगाव जातं. मग खाडीच्या पुलावर गाडी चढते आणि चाकांचा आवाज एकदम बदलतो, खालची जमीन गेल्यासारखा पोकळ होतो. खारा, चिखलाचा वास आत येतो. कोणीतरी दाराशी जाऊन निर्माल्याची पिशवी खाडीत भिरकावतं, दोन-तीन हात आपसूक कपाळाकडे जातात. भाईंदर येतं आणि आवाज पुन्हा भरीव होतो. त्या पुलावर 'बापा' जितकं सहज चालायचं तितकं नंतर अंधेरीपर्यंत चालत नसे.

विचारांचं म्हणाल, तर ते विरार गाडीच्या प्रवाशांसारखे. प्रत्येक स्टेशनला चढतात, आत जागा नसली तरी चढतात, आणि 'जरा सरका' म्हणतात. त्यांना उतरवायला गेलात तर तुम्हीच फलाटावर. मॅसॅच्युसेट्समधल्या ट्रॅपिस्ट मठाचे प्रमुख फादर थॉमस कीटिंग यांच्याकडे एक सिस्टर रडकुंडीला येऊन म्हणाल्या होत्या, वीस मिनिटांत माझ्या मनात दहा हजार विचार आले. ते म्हणाले, वा! म्हणजे देवाकडे परत यायच्या दहा हजार संधी.

ब्रदर लॉरेन्स माझे लोकलमधले संत. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकघर सांभाळणारा हा माजी सैनिक, युद्धातल्या जखमेने लंगडा झालेला. भांड्यांचा खणखणाट, चार जणांच्या एकाच वेळी चार मागण्या, अशा वेळीही आपल्याला देव तितकाच शांतपणे लाभतो, जितका साक्रामेंतासमोर, म्हणजे परमप्रसादासमोर, गुडघे टेकल्यावर, असं तो सांगे. मला तसं कधी लाभलं नाही, हेही सांगून टाकते. पण स्वयंपाकघर हे प्रार्थनेचं ठिकाण असू शकतं असं एका पुरुषाने म्हणावं, हे मला बरं वाटलं.

आविलाच्या संत तेरेसाचं वाचलं तेव्हा तर मी मोठ्याने हसले. कार्मेलच्या मठांत सुधारणा घडवणारी, प्रार्थनेवर ग्रंथ लिहिणारी, 1970 साली जिला ख्रिस्तसभेने आचार्यपद दिलं ती ही बाई. ती आत्मचरित्रात लिहिते, की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर माझं सगळं लक्ष तास संपल्याचा ठोका कधी पडतो याकडे असे. आणि तिच्याच नावाची, तीन शतकांनंतरची लिझ्यूची छोटी तेरेसा प्रार्थनेत चक्क झोपायची. तिने त्यावर स्वतःची समजूत घातली होती: मूल जागं असो की झोपलेलं, आईबापांना सारखंच आवडतं, आणि डॉक्टरसुद्धा शस्त्रक्रिया करताना आधी झोपवतातच.

या बायकांनी मला एका ओझ्यातून सोडवलं. तोपर्यंत शांती हे प्रार्थनेचं फळ मी मानत होते. फळ नाही लागलं म्हणजे झाडात दोष. पण वर्षानुवर्षं शांती न मिळता ही माणसं रोज त्याच जागी येऊन बसत होती. कशाच्या जोरावर? मला सापडलेलं उत्तर असं, की भरवसा आधी येतो. शांती आली तर मागाहून येते, न आली तरी बसणं मोडत नाही. हे कागदावर लिहायला सोपं. मला ते ज्या रात्री कळलं ती रात्र सोपी नव्हती.

माझा मुलगा मर्चंट नेव्हीत, इंजिन रूममध्ये. वसईत अशी घरं पुष्कळ. तो जहाजावर चढला की घरातल्या सगळ्यांना हवामानाचे नकाशे वाचता येऊ लागतात. एकदा पावसाळ्यात त्याचं जहाज ज्या भागात होतं तिथे वादळ फिरत होतं. शेवटचा निरोप, 'नेट जाईल थोडं'. त्यानंतर मी पाठवलेल्या प्रत्येक मेसेजपुढे एकच करडी टिक. 'जेवलास का?' एक टिक. 'कसा आहेस?' एक टिक. त्याच्या नावाखाली 'लास्ट सीन' म्हणून जी वेळ दिसत होती ती मागे मागे पडत चाललेली. कंपनीच्या कचेरीत फोन केला, ते म्हणाले जहाज ठीक आहे, काळजी करू नका. काळजी करू नका हे वाक्य ऐकून आजवर कोणाची काळजी गेलीय?

रात्री सगळे झोपल्यावर देवघरातल्या क्रुसापुढे बसले. रोझरी हातात घेतली आणि ठेवून दिली. बोलायला गेले की घशात मागणंच यायचं, तेही धमकीच्या सुरात. मग नुसती बसले. 'बापा' म्हणायला सुरुवात केली. शांतबिंत काही वाटलं नाही. छाती धडधडत होती, डोळ्यांपुढे पाण्याने भरलेली इंजिन रूम, आणि दर दोन श्वासांनी हात फोनकडे जात होता. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आले. परत येऊन बसले.

त्या रात्री मार्कच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातलं वादळ आठवलं. ते आम्हाला लहानपणापासून पाठ. होडीत पाणी भरतंय, शिष्य घाबरलेत, येशू उठतो, वाऱ्याला दटावतो, समुद्र निवांत होतो. चित्रांत नेहमी तो हात पसरून उभा. पण त्याच्या आधी तो झोपलेला आहे, आणि मार्क एक बारीकशी गोष्ट सांगतो जी मत्तय आणि लूक सांगत नाहीत: होडीच्या मागच्या भागात, उशी घेऊन. ती उशी मला त्या रात्री दिसली. मळकी, दमट, मासळीच्या वासाची, नाखवा बसायला घेतो तसली. पाचूबंदरला ऑगस्टमध्ये फादर होड्यांना आशीर्वाद द्यायला जातात तेव्हा असल्या उशा मी होडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत पडलेल्या पाहिल्यात. लाटा आत येतायत आणि हा तिच्यावर डोकं टेकून गाढ झोपलाय.

शिष्यांनी त्याला हलवून उठवलं, आणि जे म्हणाले तीच आमची रोझरीनंतरची मागणी: आम्ही बुडतोय, तुला काहीच कसं वाटत नाही? त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मीही तेच करत आलेय, उद्याही करीन. छोट्या तेरेसाने मात्र लिहून ठेवलंय, की माझ्या होडीत येशू नेहमीप्रमाणे झोपलेला असतो, आणि मी त्याला उठवत नाही. लोक त्याला सारखे कामाला लावतात, इथे तरी त्याला झोप मिळू दे. हे वाचताना मला पूर्वी ते जरा लाडिक वाटलं होतं. त्या रात्री ते लाडिक राहिलं नाही. होडीत पाणी होतं. तो उठत नव्हता. पण तो होडीत होता, काठावर नव्हता. माझ्याने होण्यासारखं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे त्याच्याजवळ सरकून बसणं.

पहाटे कधीतरी मी तिथेच लवंडले. मुलाचा मेसेज नंतर आला, 'सॉरी आई, सर्व्हर गेला होता', सोबत हसरा चेहरा. वादळ त्यांच्या बाजूला फिरकलंही नव्हतं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्या प्रार्थनेने मेसेज आला असं मी कुणालाही सांगत नाही. चर्चमध्ये साक्ष देणारे लोक असतात, अमुक मागितलं आणि तमुक मिळालं. मला ते ऐकवत नाही, कारण पलीकडच्या वाडीतल्या एक बाई मला ठाऊक आहेत. त्यांचा मोठा मुलगा अपघातात गेला. त्यांच्या घरची रोझरी एक दिवस चुकत नव्हती. त्या दिवसांत 'देवाची इच्छा' म्हणत येणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि त्या प्रत्येकाला चहा देत होत्या. मला तेव्हा वाटलं, यातल्या एकाने तरी चहा घेऊन गप्प बसावं.

देवावर भरवसा म्हणजे आपलं माणूस वाचेल असा भरवसा असेल, तर या बाईंचं काय करायचं? आणि गेथशेमानेचं काय करायचं? पकडला जाण्याआधीच्या रात्री त्या बागेत येशूनेही मागितलंच होतं, हा दुःखाचा प्याला टळू दे. मत्तय सांगतो की तो तिसऱ्यांदा गेला तेव्हाही तेच शब्द म्हणाला. तेच शब्द, पुन्हा पुन्हा. प्याला टळला नाही. शिष्य दगड फेकला तर पोचेल इतक्या अंतरावर घोरत होते. ज्या 'पवित्र तासा'साठी आम्ही गुरुवारी साक्रामेंतापुढे बसतो तो या बागेवरून आलेला आहे, उत्तर न मिळालेल्या प्रार्थनेवरून. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रं 2007 साली पुस्तकरूपाने आली तेव्हा बऱ्याच लोकांना धक्का बसला होता. जवळपास पन्नास वर्षं आत अंधार, देव जाणवत नाही, आणि तरी पहाटे चॅपलमध्ये हजर. मला धक्का बसला नाही. मला त्यांच्याबद्दल तेव्हा पहिल्यांदा आपलेपणा वाटला.

आता मी निवृत्त आहे. आमच्या धर्मग्रामात दर गुरुवारी संध्याकाळी धर्मशिक्षणाच्या एका वर्गात आम्ही थोडे लोक बसतो. मुलांचे छोटे बाक आहेत, गुडघे दुमडून बसावं लागतं. भिंतीवर दहा आज्ञांचा तक्ता, पंखा प्रत्येक फेरीला कुरकुरतो, आणि समोरच्या मैदानात मुलांचा क्रिकेटचा कल्ला. सुरुवातीला कोणीतरी एकशे एकतिसावं स्तोत्र वाचतं. तीनच ओव्यांचं आहे: माझ्या आवाक्याबाहेरच्या मोठ्या गोष्टींच्या मागे मी लागत नाही, दूध तुटलेलं मूल आईजवळ असावं तसा माझा जीव आहे. अंगावर पिणारं मूल आईजवळ येतं ते दुधासाठी. दूध तुटलेलं मूल येतं ते आईसाठी. दूध तोडताना काय रडारड होते हे आम्हां बायकांना माहीत आहे, स्तोत्र त्याबद्दल काही बोलत नाही. मग वीस मिनिटं मौन. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागतात. छोट्या तेरेसाची साक्ष त्यांना सांगितल्यापासून त्यांनी ओशाळणंही सोडलंय.

मुलगा गेलेल्या त्या बाई एका गुरुवारी आल्या आणि दाराजवळच्या बाकावर बसल्या. कोणी बोलावलं नव्हतं. पुढच्या गुरुवारीही आल्या. नंतर कधीतरी म्हणाल्या, "मी त्याच्याशी बोलत नाही अजून. रागावलेय. इथे बोलायचं नसतं म्हणून यायला जमतं." फादरांनी त्यांना अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायला दिलं, जे तक्रारीने सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, हे बायबलमध्ये आहे होय? पूर्वी का नाही कोणी दाखवलं?

वीस मिनिटं झाली की पितळी घंटी वाजवायची असते. ते काम आता त्यांच्याकडे दिलंय, कारण मौनात झोप न लागणाऱ्या आमच्यात त्या एकट्याच. परवा त्यांनी वेळ झाली तरी वाजवलीच नाही. आमचे पाय बाकाखाली बधिर झाले, काका झोपून उठून पुन्हा झोपले, बाहेर मुलांची मॅच संपून भांडण सुरू झालं. पण घंटी मागायची हिंमत कोण करणार?